कोरं घर

ओला कचरा उजवीकडे, सुका डावीकडे आणि मुकादमबाई मधोमध. शेडमधल्या जागा गेली अकरा वर्षं अशाच ठरलेल्या होत्या. बाहेर सरकारी पाटीवर 'प्रभाग कचरा वर्गीकरण केंद्र' असं लांबलचक नाव होतं, पण ते उच्चारायला सवड कुणाला होती? तिथल्या चौदा बायका त्याला शेडच म्हणायच्या. सहा हातगाड्या, मागच्या अंगाला खताचे आठ खड्डे आणि मध्ये वरून पत्रा ठोकलेलं एक लांब टेबल. सुका कचरा त्या टेबलावर उलटा व्हायचा आणि बारा पिंपांत वाटला जायचा. मुकादमबाई टेबलाच्या टोकाला उभी राहून नुसती बघायची. एखादीच्या हातातली बाटली चुकीच्या पिंपाकडे निघाली, तर त्या नजरेनं ती वाटेतच थांबायची. तोंड उघडायची वेळ क्वचित यायची, आणि उघडलंच तर ऐकणारीला ते आठवडाभर पुरायचं.

शिक्षण म्हणाल तर चौथी, तीही अर्धी. पण सरकारनं 'कचरा घटवा' धोरण काढलं आणि सगळ्या मुकादमांना एका सभागृहात बोलावून चाळीस पानांचं पुस्तक वाटलं, तेव्हा ते पुस्तक कुणाला कळलं असेल तर हिलाच. परत आल्यावर बायकांनी विचारलं, काय आहे त्यात?

"घरातून बाहेर पडतं ते कमी करायचं, आणि पडेल ते एकमेकांत कालवायचं नाही," ती म्हणाली. "एवढं एका पानात आहे. बाकीची एकोणचाळीस छापणाऱ्याच्या हौसेची."

ते एक पान मात्र तिनं असं मनावर घेतलं, की छापणाऱ्यानंही घेतलं नसेल. सहाशे घरांचे जिने ती स्वतः चढली. कुणी ओलं-सुकं एकत्र बांधलेली पिशवी पुढे केली, की ती पिशवी तिथेच दारात सोडून एकेक वस्तू बाहेर काढायची. "ताई, ही तुमच्या भाजीची देठं, हा लेकाचा मोजा आणि ही सुई. माझ्या बाईच्या बोटात सुई गेली, तर टाका तुम्ही घालणार का तुमचा लेक?" कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराच्या गल्ल्यासमोर तिनं एकदा त्याच्याच मालाच्या रिकाम्या वेष्टणांची तीन पोती आणून ठेवली. म्हणाली, "तुमची लेकरं गावभर उनाडत होती, घरी पोचवली." दुकानदार आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी त्यानं मोठाले डबे आणले, सुटा माल ठेवला आणि गिऱ्हाइकांना आपापले डबे आणायला सांगितलं. लोकांनी आधी नाकं मुरडली, मग आणले. गॅलऱ्यांतून ओल्या कचऱ्याचे ड्रम आले. त्यात खत झालं, खतावर मिरच्या आल्या. बंद पडलेला पंखा, उसवलेली चप्पल, दांडा तुटलेली छत्री हे सगळं गाडीवर न येता आधी दुरुस्तीवाल्याकडे जायला लागलं.

तीन वर्षांत सहा गाड्यांपैकी तीनच जेमतेम भरायला लागल्या. मुकादमबाई त्या रिकाम्या गाड्यांकडे असं बघायची, जसं एखादी बाई धुऊन वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरींकडे बघते.

आणि शब्द आला तो असा. एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई राहायची. गाडीवर आवाज द्यायला जी जायची, तिचं नाव बायकांनी भोंगा ठेवलं होतं. तिनं हाक मारली की चौथ्या मजल्यावरचं झोपलेलं मूल उठून बसायचं. त्या दिवशी भोंग्यानं खालून हाक मारली, तर शिवणकामवाली खिडकीत येऊन म्हणाली, "जा पुढे. आज माझं घर कोरं."

कोरं. दुकानातून नुकतंच आलेलं, पाणी न लागलेलं, डाग न पडलेलं कापड असतं ना, तसं. भोंग्याला शब्द आवडला. तिनं तो शेजारच्या इमारतीत नेला, आणि भोंग्यानं नेलेली गोष्ट जाणार कुठे? महिन्याभरात गल्लीगल्लीतून खिडक्या उघडायच्या आणि आतून आवाज यायचा, "कोरं." लहान मुलंसुद्धा ओरडायची. ज्या घरातून त्या दिवशी काहीच टाकायचं नसे ते कोरं घर. सगळी घरं तशी निघाली तर कोरी गल्ली. कोरी गल्ली अजून एकदाही झाली नव्हती, पण दोन गल्ल्यांची त्यावरून चुरस चालू होती. एकीकडच्या लोकांचं म्हणणं, दुसरीकडचे लोक सोमवारचा कचरा लपवून मंगळवारी देतात.

नोंदवही सून लिहायची. मुकादमबाईचा मुलगा बसवर चालक, पहाटे जायचा तो दुपारी उगवायचा. सून पदवीधर, अक्षर मोत्यासारखं, आणि घरात बसून भिंती मोजायचा तिला कंटाळा. म्हणून सासू तिला शेडवर घेऊन आली. "तुझ्या पदवीला हवा लागू दे," एवढंच म्हणाली. सून रोज प्रत्येक घरापुढे लिहायची, ओला किती, सुका किती. पहिल्याच आठवड्यात तिनं लेखणी थांबवून विचारलं होतं.

"आई, या घरापुढे काय लिहू?"

"कोरं होतं ना? मग कोरं लिही."

"सरकारी वहीत निरंक लिहितात."

"म्हणजे काय?"

"काही नाही असा त्याचा अर्थ. शून्य."

"काही नाही कसं?" मुकादमबाईनं टेबलावरचा हात काढला. "त्या बाईनं डबे घेऊन दुकानात जायचं, देठं खतात घालायची, पोराला दटावून पेन्सिल संपेपर्यंत वापरायला लावायची. एवढं सगळं केल्यावर तिच्या नावापुढे शून्य? ही शाळा आहे का, नापास करायला?"

"आई, ऑफिसला निरंक कळतं. कोरं कळेल की नाही..."

"न कळायला ते काय परदेशातून आलेत? लिही."

सुनेनं लिहिलं. अकरा महिने लिहिलं, रोज, सुरेख अक्षरात. एका पानावर तीन-तीन डझन वेळा कोरं.

आणि मग नोटीस आली.

निरीक्षकाच्या ऑफिसचा शिपाई ती देऊन गेला, पोच घेतली, आणि जाताना दोनदा मागे वळून बघितलं. तेवढ्यावरूनच मुकादमबाईला कळलं की कागद चांगला नाही. तिनं सुनेला वाचायला सांगितलं. चौदा बायका टेबलाभोवती गोळा झाल्या.

नोटिशीत म्हटलं होतं की, केंद्राच्या अकरा महिन्यांच्या नोंदवहीची तपासणी केली असता निम्म्याहून अधिक घरांपुढील रकाने कोरे आढळले आहेत. सबब त्या घरांना गाडीने भेट दिलेली नाही असे दिसून येते. सबब केंद्र बंद करून पुढील महिन्याच्या एक तारखेपासून प्रभागातील कचरा ठेकेदाराच्या गाड्यांमार्फत उचलण्यात येईल. म्हणणे मांडायचे असल्यास सात दिवसांत मांडावे.

ठेकेदाराची गाडी सगळ्यांनी पाहिली होती. मोठं पोलादी तोंड, त्यात देठं, काच, बाटल्या, मोजे आणि सुया सगळं एकत्र जाणार, आत दाबलं जाणार, आणि शहराबाहेर जाऊन डोंगर होऊन पडणार. गाडीला वजन हवं. जितकं जास्त तितकं तिचं चांगलं. कोरं घर म्हणजे तिच्या पोटावर पाय.

"आम्ही गेलो नाही म्हणतात?" भोंगा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू आवाजात बोलली. "माझा घसा बसलाय हाका मारून."

मुकादमबाईचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. "खोटारडे. बसल्या जागी लिहितात. एकदा तरी जिना चढलेत का? उद्याच जाते आणि..."

"आई," सून म्हणाली.

"काय?"

"रकाने कोरे आढळले, असं लिहिलंय त्यांनी. ते खोटं नाही बोलत." ऑफिसातून तपासून परत आलेली नोंदवही तिनं उघडून समोर धरली. बोट एका ओळीवर ठेवलं. कोरं. खाली कोरं. त्याखाली कोरं. "त्यांना वाटलं, रकाना भरायचा राहिलाय असं आपणच लिहून ठेवलंय. न भरलेल्या कागदाला आपणही कोराच म्हणतो की."

बायका वाकून त्या ओळी बघू लागल्या.

आता इथे दुसरी एखादी सून असती, तर तिनं एक वाक्य ऐकवलं असतं. 'मी तेव्हाच सांगितलं होतं.' ते वाक्य सुनेच्या जिभेवर नक्की आलं होतं. मुकादमबाईला ते तिच्या गालाच्या हलण्यावरून दिसलं. तिनं ते गिळलेलंही दिसलं. आणि ते गिळलेलं वाक्य मुकादमबाईला ऐकवलेल्यापेक्षा जास्त लागलं.

"मी लिहून देते," सून म्हणाली. "नोंदवही माझ्या हातची आहे. मला पद्धत माहीत नव्हती, नवीन होते, चूक झाली, असं लिहिते. माझ्यावर शेरा मारतील आणि केंद्र सोडतील."

"तू पदवीधर आहेस. तुला पद्धत माहीत नाही, असं कोण मानेल?"

"मानतील. बायकांना काही माहीत नसतं हे लोक पटकन मानतात."

एवढ्या अवघड वेळीसुद्धा दोन-तीन बायका हसल्या. मुकादमबाई हसली नाही. तिनं नोटीस घडी घालून कमरेला खोचली. "शब्द माझा होता. मी सांगितला म्हणून तू लिहिलास. माझ्या शब्दाचा शेरा तुझ्या कपाळावर बसवून मी रोज तुझ्या हातचा चहा कसा पिऊ? उद्या वही घेऊन दोघी जाऊ."

निरीक्षकाचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. निरीक्षक तिशीतला, चष्म्याच्या काचा दर दहा मिनिटांनी पुसणारा, आणि वाईट माणूस नव्हता. त्यानं दोघींना बसायला सांगितलं, आणि बसायला सांगणारा साहेब दिसला की मुकादमबाई अर्धा राग बाजूला ठेवायची. तिनं त्याला सगळं सांगितलं. शिवणकामवाली, कापड, भोंगा, दोन गल्ल्यांची चुरस. तो ऐकत राहिला.

"छान आहे हो," शेवटी तो म्हणाला. "पण बाई, मी वर काय सांगू? शिवणकामवाली म्हणाली असं सांगू?"

"सांगा की. खरं आहे."

त्यानं चष्मा पुसला, दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, मला प्रभाग बंद करायची हौस नाही. वही घेऊन जा. जिथे जिथे कोरं आहे तिथे रेघ मारा, वर निरंक लिहा, बाजूला सही आणि त्या-त्या दिवसाची तारीख. चार दिवसांत आणून द्या. नोंदवहीत तफावत आढळली नाही, असा शेरा मी मारतो. विषय संपला."

सुनेनं सासूकडे पाहिलं. वाट सोपी होती. अकरा महिन्यांची पानं, चार दिवस, दोन पेनं. चौदा बायकांचं काम वाचत होतं.

मुकादमबाईनं टेबलावरच्या वहीवरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांसमोर ती पानं आली असावीत, आणि त्यावरच्या त्या रेघा.

"साहेब, चुकलेल्या अक्षरावर रेघ मारतात," ती म्हणाली. "माझ्या सुनेनं एक अक्षर चुकीचं लिहिलेलं नाही. मागच्या तारखा टाकून आज सह्या केल्या, तर आत्तापर्यंतची वही खरी आहे ती खोटी होईल. मग उद्या कुणी विचारलं की या घरांना गेला होतात का, तर मी कुठल्या तोंडानं हो म्हणू?"

"मग मी काय करू शकतो?"

"चढा."

"काय?"

"जिने. उद्या सकाळी सातला शेडवर या. तुम्ही म्हणाल ती गल्ली, म्हणाल ते दार. आम्ही गेलो नाही असं एका घरानं सांगितलं, तर मी स्वतः शेडला कुलूप लावून किल्ली तुमच्या हातात देईन."

बाहेर जिन्यावर आल्यावर सून म्हणाली, "आई, एका घरानं म्हणालात. सहाशे घरं आहेत. कुणीतरी रागावलेलं असेलच. तुम्ही निम्म्या प्रभागाला दारात उभं करून बोललाय."

"निम्म्या नाही, सगळ्या," मुकादमबाई म्हणाली, पण जिना उतरताना तिनं कठडा धरला. एरवी धरत नसे.

निरीक्षक सातला दहा मिनिटं कमी असताना आला. हातात टॅब, खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची प्लास्टिकची बाटली. त्यानं गल्ली निवडली ती सगळ्यात लांबची, जिथे नोंदवहीत सगळ्यात जास्त कोरं होतं. भोंग्यानं गाडी पुढे घातली, तिच्यामागे मुकादमबाई, निरीक्षक आणि वही घेतलेली सून.

भोंग्यानं पहिली हाक दिली आणि निरीक्षकानं कानावर हात नेला.

तळमजल्यावरच्या बाईनं दोन डबे आणून दिले, ओला वेगळा, सुका वेगळा. वरची खिडकी उघडली. "कोरं." त्याच्या वरची उघडली. "कोरं, आणि काल पण होतं हं." समोरून एक म्हातारा दात घासता घासता नुसता हात हलवून आत गेला.

"हे तुम्ही शिकवून ठेवलंय," निरीक्षक म्हणाला.

"हो, तीन वर्षं शिकवलंय," मुकादमबाई म्हणाली. "दुसरं काय करत होतो आम्ही?"

त्यानं ओठ दाबले आणि स्वतःच एका इमारतीत शिरला. चौथा मजला, डावीकडचं दार. ते दार मुकादमबाईला ठाऊक होतं. तिथे एक निवृत्त लेखनिक राहायचा. दोन वर्षांपूर्वी तिनं त्याच्या दारात त्याचीच पिशवी उलटी केली होती, आणि त्यानं तिला 'कचरेवाली' म्हणून दार लावून घेतलं होतं. तेव्हापासून त्या घरातून रोज फक्त बायको बोलायची.

दार लेखनिकानंच उघडलं. निरीक्षकानं ओळख दिली आणि विचारलं, "कचऱ्याची गाडी रोज येते का?"

लेखनिकानं निरीक्षकाच्या मागे उभ्या असलेल्या मुकादमबाईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ही बाई," तो म्हणाला, "अत्यंत उद्धट आहे."

"गाडी येते का, एवढंच विचारतोय मी."

"तेच सांगतोय. उद्धट आहे, तोंडाळ आहे आणि एक दिवस चुकत नाही. मला वाटायचं, एक दिवस तरी चुकेल आणि मी तक्रार करीन. कागद तयार होता माझा." मग तो आत गेला आणि एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आला. त्यात धुऊन, पुसून, घडी घातलेली वेष्टणं होती, आकारानुसार लावलेली, जशा फायली लावतात. "हे नऊ दिवसांचं आहे. खोकं भरलं की देतो. तोवर आमचं घर कोरं. लिहून घ्या."

मुकादमबाईनं खोक्यात डोकावून पाहिलं. एका वेष्टणाचं टोक दुमडलेलं नव्हतं. तिनं ते दुमडलं. यावेळी लेखनिकानं दार हळू लावलं.

गल्लीच्या शेवटापर्यंत निरीक्षकानं स्वतःच्या बोटानं मोजलं. ब्याण्णव घरं, त्यांपैकी अठ्ठावन्न कोरी. एकानंही गाडी येत नाही असं सांगितलं नाही. एका नव्या भाडेकरूनं सगळं कालवलेली पिशवी पुढे केली, तेव्हा भोंग्यानं ती जिन्याच्या पायरीवरच उघडून त्याला वेगळं करून दाखवलं. तो कान लाल करून बघत राहिला. एव्हाना निरीक्षकाच्या बाटलीतलं पाणी संपलं होतं. त्यानं ती गाडीवर टाकायला हात उचलला.

"साहेब, ही आमच्या प्रभागातली नाही," भोंगा म्हणाली. "घरी न्या. उद्या परत भरून आणा."

त्यानं मुकाट्यानं बाटली पिशवीत घातली, कट्ट्यावर बसला आणि टॅब उघडला. "मी आजच्या भेटीची नोंद करतो," तो म्हणाला, आणि बोट पडद्यावर धरून थांबला. मग बोट मागे घेतलं. परत पुढे नेलं.

सून जवळच उभी होती. तिनं वाकून पाहिलं.

"साहेब, त्या लेखनिकांच्या घरासाठी काय दाबताय?"

"तीनच पर्याय आहेत," तो म्हणाला. "कचरा घेतला. घर बंद. भेट दिली नाही."

"आपण भेट दिली. घर उघडं होतं. कचरा घेतला नाही."

"हो."

"मग?"

सुनेनं वही छातीशी धरली आणि शांतपणे, एखाद्या लहान मुलाला उत्तरापर्यंत न्यावं तसं विचारलं. "समजा मी अकरा महिने निरंक लिहिलं असतं. तुमच्याकडे वही आली असती. तेव्हा तुमच्या ऑफिसनं काय दाबलं असतं?"

निरीक्षकानं चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "भेट दिली नाही," तो म्हणाला. "तेच दाबावं लागलं असतं. दुसरं काही नाहीच."

मुकादमबाईला टॅबमधलं काही कळत नव्हतं, पण माणसाचा चेहरा तिला वाचता यायचा. तिनं सुनेकडे पाहिलं. सून मान ताठ करून उभी होती, आणि त्या क्षणी ती सासूसारखी दिसत होती.

"म्हणजे," मुकादमबाई सावकाश म्हणाली, "चाळीस पानं छापलीत. सभागृहात पंखे लावून आम्हाला बसवलंत. कचरा कमी करा म्हणालात. आणि आम्ही कमी करू असं तुमच्यातल्या एकालाही वाटलं नव्हतं."

निरीक्षकाच्या बाजूनं एवढंच सांगता येईल, की त्यानं ते कुणावर ढकललं नाही. त्यानं कट्ट्यावर बसूनच कागद काढला आणि लिहायला लागला. मध्येच सुनेला विचारायचा, हे असंच झालं ना? ती हो म्हणायची किंवा दुरुस्त करायची. ब्याण्णव, अठ्ठावन्न, तीन पर्याय. शेवटी त्यानं तिला लिहिलेलं वाचायला दिलं आणि म्हणाला, "यातलं शेवटचं वाक्य मला नीट जमत नाहीये." सुनेनं पेन घेतलं आणि ते वाक्य तिनं लिहिलं. 'ज्या घरातून कचरा निघालाच नाही, त्या घराची नोंद करण्याची सोय धोरणाच्या नमुन्यात नसल्याने, धोरण जिथे यशस्वी झाले तिथेच ते अपयशी दिसत आहे.'

"असं सरळ चालेल का?" तो म्हणाला.

"वाकडं केलं तर वरच्यांना कळणार नाही," मुकादमबाई म्हणाली.

पंधरा दिवस गेले. एक तारीख आली आणि ठेकेदाराची गाडी आली नाही. त्या सकाळी बायका उगाचच रस्त्याकडे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी तोच शिपाई आला, यावेळी पत्र देऊन मागे न बघता गेला.

सून टेबलाच्या टोकाला उभी राहून वाचू लागली. बायकांनी हातातलं काम थांबवलं. नोटीस मागे घेण्यात आली होती. केंद्र चालू राहणार होतं. सगळ्या प्रभागांच्या नमुन्यात चौथा पर्याय घालण्यात येत होता, 'भेट दिली, कचरा निरंक.'

"घ्या," भोंगा म्हणाली. "एवढं म्हणेपर्यंत माझी दोन घरं होतात."

"लिहू द्या त्यांना त्यांचं," मुकादमबाई म्हणाली. "तू ओरड तुझं. पुढे वाच गं."

"या प्रभागाच्या कार्यपद्धतीची माहिती इतर प्रभागांच्या मुकादमांना देण्यासाठी केंद्राच्या प्रतिनिधीनं महिन्यातून एकदा मुख्य कार्यालयात यावं, असं म्हटलंय." सून थांबली. "आणि शेवटी लिहिलंय, केंद्राच्या नोंदी पूर्णतः विश्वासार्ह आढळल्या."

"विश्वासार्ह म्हणजे?"

"म्हणजे जे लिहिलंय त्यावर डोळे मिटून विसंबता येतं."

बायका एकमेकींकडे बघून हसू लागल्या. कुणीतरी मुकादमबाईच्या पाठीवर थाप मारली आणि मग कुणाच्या पाठीवर मारली हे आठवून हात मागे घेतला. मुकादमबाईनं पदर सारखा केला. तिला काहीतरी तिखट बोलायचं होतं, जिभेवर दोन-तीन वाक्यं तयारही होती. ती तिनं गिळली. गिळायला जमतं, हे तिला नवीनच होतं.

"नोंदी कुणी लिहिल्या?" तिनं विचारलं.

"मी, आई. पण तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी सांगितल्या त्या बोलून उडून गेल्या. कागदावर राहिल्या त्या तुझ्या." तिनं सुनेच्या हातातलं पत्र घेतलं, उलटं-सुलटं करून बघितलं, शिक्का कुठे आहे ते पाहून घेतलं आणि परत दिलं. "प्रतिनिधी म्हणून तू जा. माझ्यासारखी गेली तर पहिल्याच दिवशी भांडून येईल. आणि हे पत्र घरी भिंतीला लाव. बाहेरच्या खोलीत, दारासमोर."

"तुमचं नाव नाही त्यात, आई. माझंही नाही. नुसतं केंद्र म्हटलंय."

"माझ्या घरी येईल त्याला मी तोंडानं सांगीन, कुणाचं ते," मुकादमबाई म्हणाली. मग ती टेबलाकडे वळली. तिथे चौदा बायका अजून हात गुंडाळून उभ्या होत्या. तिनं काही म्हणायच्या आत सगळ्या कामाला लागल्या.